चष्मा घसरू नये म्हणून कानामागे लावायचे सिलिकॉनचे हुक: आठ महिन्यांचा अनुभव

मी रत्नागिरीत घरीच ब्लाऊज शिवते. दोन्ही डोळ्यांना मायनस सात नंबर. शिवताना दिवसभर मान खाली, दोन्ही हात कापडावर आणि मार्चपासूनच नाकावर घाम. चष्मा सारखा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि वर सारायला हात मोकळा नसतो. एप्रिलमध्ये एका ताईंच्या पैठणीच्या ब्लाऊजला हात-शिलाई करताना चष्मा सटकून थेट कापडावर पडला. काचेवरचा घाम रेशमावर उमटला. सुकल्यावरही फिकट कडा दिसत होती. मी स्वतःच फोन करून त्यांना सांगितलं, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी हाच विषय धरून बसले.

आधी चिकटवायच्या फोमच्या गाद्या आणल्या. माझी फ्रेम जाड प्लास्टिकची, शेलची. धातूच्या फ्रेमला तारेवर बसवलेले नोजपॅड असतात, ते दुकानदार चिमट्याने आत-बाहेर करून देतो. शेलच्या फ्रेमला नाकाचा भाग अंगचाच असतो, त्यामुळे तिथे काही हलवता येत नाही. गाद्यांनी चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी घामाने गोंद सुटला, गादी नाकालाच चिकटून राहिली. गळ्यातली दोरीही लावून पाहिली. पण माझ्या गळ्यात आधीच मापाची टेप असते, दोन्हींचा गुंता सोडवण्यातच वेळ जायचा.

मग मे महिन्यात हे हुक घेतले. पाच जोड्यांचं पाकीट, १२० रुपये. बोटाच्या पेराएवढा वाकडा, मऊ तुकडा आणि त्याला आरपार भोक. काडीचं टोक त्यात घालायचं आणि कानाच्या पाळीमागे टेकेल इतपत पुढे सरकवायचं. कोरडा हुक अडतो, पाण्याचा थेंब लावला की सरसर जातो. मी सुरुवातीला फार घट्ट बसवले. संध्याकाळपर्यंत कानामागे लाल वळ आणि डोकं जड. हुक परत करायच्या विचारातच होते.

त्याआधी बाजारातल्या एका जुन्या चष्मेवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी हुक काढून बाजूला ठेवले, मला मान खाली घालायला सांगितली आणि कानामागे बोट फिरवलं. काडीचा बाक कानाच्या मागे चांगला बोटभर लांब पडत होता, म्हणजे काडी कानाला धरतच नव्हती, नुसती वर टेकली होती. त्यांनी गरम हवेवर काडी मऊ केली आणि बाक पुढे आणला. दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटं. निम्मं घसरणं तिथेच थांबलं! म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, पैसे खर्च करण्याआधी काडी वाकवून घ्या. घरी गॅसवर धरू नका, प्लास्टिकला फोड येतात आणि उष्णतेने काचेवरच्या कोटिंगला बारीक तडे जातात.

त्यानंतर हुक सैलसर लावले आणि आजतागायत तसेच वापरते आहे. पावसाळ्यात, गौरी-गणपतीच्या गर्दीत, रात्री अकरापर्यंत मशीनवर बसले, पण चष्मा एकदाही कापडावर पडला नाही. आणखी एक फायदा म्हणजे ट्रायलला उभ्या असलेल्या बाईची पाठ आता स्वच्छ दिसते. मायनसचा चष्मा डोळ्यांपासून लांब गेला की नंबर कमी पडल्यासारखं लांबचं धूसर होतं. खांद्याची चुणी नजरेतून सुटायची ती त्यामुळेच.

उणिवाही सांगते. केसांना खोबरेल लावलं की त्या दिवशी हुक निसटतो, काडीचं टोक पुसूनच घालावं लागतं. आठवड्यातून एकदा साबणाने धुतले नाहीत तर कानामागे खाज येते. पहिली जोडी चार महिन्यांत पिवळी पडून भोक सैल झालं, आता तिसरी सुरू आहे. माझ्या बहिणीच्या चष्म्याची काडी तारेसारखी बारीक आहे, तिच्यावर हा हुक गोल गोल फिरतो. तिने घेऊ नये असंच मी तिला सांगितलं.

काकांनी काडीच्या आतले आकडेही समजावले. माझ्या काडीवर ५४, १७, १४० आहे: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. माझ्या नाकाला सतरा ठीक आहे, पण ५४ ची काच मोठी झाली. मायनसची काच कडेला जाड असते, जितकी मोठी तितकी जड, आणि पुढचं वजन वाढलं की चष्मा खाली ओढला जातो. ही फ्रेम घेताना दुकानात मला कोणी हे बोललं नव्हतं. दिवाळीनंतर ४९ ची गोलसर फ्रेम सांगून ठेवली आहे, काच १.६७ इंडेक्सची, म्हणजे त्याच नंबरात पातळ बसणारी. ती आली की आधी हुकांशिवाय आठवडाभर मशीनवर बसून बघेन. उरलेल्या दोन जोड्या बॉबिनच्या डबीत आहेतच.