माशेलचं कौलारू की फोंड्याचा स्लॅब? पाण्याने खाल्लेली दोन घरं

भाचीला घर घ्यायचंय. तिच्या पैशांत बसणारी घरं दोनच निघाली आणि दोन्ही पाण्याने खाल्लेली. एक माशेलजवळचं चिऱ्या-मातीचं (चिरा म्हणजे जांभा दगड) कौलारू, 70-80 वर्षांचं, गेली 9 वर्षं बंद. दुसरं फोंड्याबाहेरचा स्लॅबचा बंगला, 1988 च्या सुमाराचा. मालक आखातात, सहा पावसाळे दाराला कुलूप. भाव ऐकून भाची म्हणाली, "मामा, स्वस्त आहेत ना दोन्ही?" म्हटलं, अर्धं बिल आत्ता आहे, उरलेलं पावसाळ्यात येईल.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी तालुक्याकडे त्याहून जास्त. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला 3 लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं शेकड्याला एक लिटर जरी आत शिरलं, तरी 3000 लिटर झालं. बंद घरात ते पुसायला कोणी नसतं, खिडकी उघडून वारा द्यायलाही कोणी नसतं. असं घर बघायचं तर जुलैत बघावं. जानेवारीत विकणारा रंग मारून ठेवतो, आणि गोव्यातला जानेवारी इतका गोड असतो की ओल आलेली भिंतसुद्धा जुन्या वाड्याची शान वाटते.

आम्ही माशेलला गेलो तो नेमका चिखलकाल्याचा दिवस. आषाढी एकादशीनंतरची द्वादशी, देवकीकृष्णाच्या मैदानात माणसं चिखलात लोळत होती. इकडे आम्ही या घराच्या सोप्यावर घोट्याएवढ्या चिखलात उभे. सोबत कौलं परतणारा एक म्हातारा कारागीर घेतला होता. तो आत आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि एवढंच म्हणाला, "बाब, उदक वयल्यान येता काय सकयल्यान, तें पयलीं पळय." वरून येतंय की खालून, हे आधी बघ. दोन्ही घरं आम्ही शेवटी याच एका प्रश्नावर तोलली.

माशेलच्या घरात पाणी बव्हंशी वरून येत होतं. दोन छपरं जिथे मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा गंजून चाळण झाला होता. त्याच्या बाजूची कौलं घसरलेली, आणि पाणी वाशावरून ओघळत थेट भिंतीच्या माथ्यात जात होतं. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला सगळ्यात वाईट मार हाच. वरून पाणी शिरलं की आतली माती धुऊन जाते, चिरे एकमेकांपासून सुटतात आणि भिंत पोट काढते. इथे मागच्या खोलीची एक भिंत हाताएवढी फुगली होती. ती उतरवून पुन्हा बांधावी लागणार, यात वाद नाही. बाकीच्या तीन भिंती मात्र ओळंब्याला उभ्या होत्या.

वासे माटीच्या लाकडाचे. घाटावर याला ऐन म्हणतात. म्हाताऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि प्रत्येक वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक टोचत गेला. मधला भाग कितीही ठणठणीत दिसो, वासा कुजतो तो टोकाला, कारण ओली भिंत त्यालाच चिकटलेली असते. 32 वाशांपैकी 7 वाशांत पातं बोटभर आत गेलं, लोण्यात जावं तसं. एका कोपऱ्यात वाळवीच्या मातीच्या नळ्या होत्या. रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, तर बऱ्याचशा गेलेल्याच. ऐकायला भयंकर वाटतं, पण कौलारू छपराची गंमत अशी की हे सगळं सुटं असतं. कौल उतरव, वासा बदल, कौल परत ठेव. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात, आणि घरावरची निम्म्याहून जास्त अजून खणखणीत आहेत. बोटाने टिचकी मारली की धातूसारखा आवाज देतात. भद्द वाजलं तर ते बाजूला काढायचं.

आता खालून. जोतं पुढच्या बाजूला रस्त्याच्या पातळीला आलंय. घर खचलेलं नाही, रस्ताच वर चढलाय, डांबराचे थर पडून पडून. त्यामुळे पहिल्या दोन फुटांत भिंतीला ओल चढली होती आणि गिलाव्यावर मीठ फुटलं होतं. अंगणात कोणीतरी सिमेंटचे ब्लॉक बसवून ठेवलेत. जमिनीला श्वास घ्यायला जागा नसली की पाणी भिंतीतून वर चढतं. ते ब्लॉक उखडून घराभोवती खडीचा चर काढला तर पहिल्या उन्हाळ्यातच फरक दिसतो. विहिरीचं पाणी जोत्याच्या बरंच खाली होतं. ते बघून मी सुटकेचा श्वास सोडला.

इथे एक आपबीती. आमच्या वडिलांच्या घराला मी हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. गवंडी म्हणाला, मातीच्या भिंतीला सिमेंट केलं की कायमचं काम होतं. दोन पावसाळ्यांत ताटाएवढे पापुद्रे पडले, आणि मागचे चिरे ओले, काळे, हाताने कोरता येतील असे. चिरा पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेचा गिलावा 1950 च्या दशकात उतरवला गेला, आणि उघड्या चिऱ्याची झीज ही आजवर चिंतेची गोष्ट झालीय. भाचीला उघडे लाल चिरे "किती सुंदर" वाटतात. वाटू देत. बाहेरून चुनाच लागेल.

फोंड्याचा बंगला बाहेरून बघाल तर माशेलवर फुली मारून मोकळे व्हाल. रंग ताजा, फरशी चकचकीत, हॉलला पीओपीचं छत. आत पाऊल टाकताच मला आधी रंगाचा वास आला, त्याच्या पाठोपाठ ओल्या गोणपाटाचा. वरच्या गच्चीत पाण्याचं तळं साचलेलं. चारही आउटलेट फणसाच्या पानांनी बुजलेले आणि कोब्याला भेगा. सहा पावसाळे ते पाणी स्लॅबमध्ये मुरत होतं.

काँक्रीट नवं असताना इतकं अल्कधर्मी असतं की आतल्या सळ्यांना गंज चढत नाही. वर्षानुवर्षं हवा आणि पाणी आत जात राहिलं की ते कवच संपतं, मग सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणजे आतून पाचर ठोकल्यासारखं. बेडरूमच्या बीमखाली सळीच्या रेषेत सरळ लांब भेग होती. रंगाने बुजवलेली, पण टॉर्च तिरपा धरला की उठून दिसते. हातोडीने हलकेच ठोकत गेलो. अर्ध्या छताचा आवाज पोकळ, मडक्यासारखा. पीओपीच्या मागे काय आहे ते बघू द्या म्हटलं, तर एजंट म्हणाला, आधी टोकन द्या.

ओळखीच्या इंजिनिअरने मालकाला फोन लावून बीमचा एक तुकडा फोडायची परवानगी काढली आणि ताज्या फुटलेल्या जागेवर फिनॉल्फ्थेलीन हे रसायन फवारलं. काँक्रीट शाबूत असेल तर ते गर्द गुलाबी होतं. इथे कडेपासून सळीपर्यंत काहीच रंग चढला नाही, सळीच्या पलीकडे कुठे गुलाबी झाक. दोन मिनिटांची ही चाचणी, पण सगळा व्यवहार तिने उघडा केला. भर म्हणजे त्या काळात खाडीकडची रेती सर्रास वापरायचे. तिच्यात मीठ असेल तर वरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, गंज आतल्या आत चालू राहतो. सैल काँक्रीट काढून, सळ्या घासून, पॉलिमर मॉर्टर भरून दुरुस्ती होते. मात्र एक बीम उघडला की शेजारचा काय म्हणेल ते आधी कळत नाही, आणि अंदाजपत्रक दुप्पट होतं ते इथेच. गच्चीवर पत्र्याची शेड घालतात सगळे. पाणी थांबतं, गंजून बारीक झालेली सळी मात्र पुन्हा जाड होत नाही.

वायरिंगचं दोन्हीकडे सारखंच: सगळं काढून नवं, आणि ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

म्हणून माझं मत असं. फोंड्याचा बंगला घ्यायचाच तर जमिनीच्या भावाने घ्या, त्यातून पाडण्याचा खर्च वजा करून. बांधकामाला एक रुपयाही मोजू नका. माशेलचं घर दिसतं भिकार, पण त्याचं दुखणं मोजता येतं: एक भिंत, सात वासे, एक पन्हळ, एक चर. अट एकच, जूनच्या आधी दर वर्षी कौलं परतायला कोणीतरी तिथे असलं पाहिजे. तुम्ही पुण्यात राहून दिवाळीला आणि शिमग्याला येणार असाल तर कौलारूच्या वाटेला जाऊ नका. जुन्या गोव्यातला संत ऑगस्टीनचा मठ 1835 मध्ये ओस पडला आणि 1842 मध्ये त्याच्या चर्चचं कमानदार छत कोसळलं. उरलेल्या मनोऱ्याचा अर्धा भाग 1931 मध्ये आला खाली. चिऱ्याला माणसाची सवय लागते.

कर्ज काढणाऱ्यांना हे उलटं वाटेल. बँकेचा माणूस स्लॅब बघून खुलतो, मातीची भिंत बघून गप्प होतो, आणि ताज्या रंगामागचं त्याला दिसेलच असं नाही. भाचीला माशेलसाठी कमी कर्ज मिळेल, तेवढी बचत तिच्याकडे हवी.

कागदांची गोष्ट वेगळी, पण भिजलेल्या घरात ती जास्तच बोचते, कारण सह्या जुळेपर्यंत अजून एक पावसाळा जातो. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे प्रत्येक वारसासोबत त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. इन्व्हेंटरी (वारसांतली वाटणी ठरवणारी कोर्टाची प्रक्रिया) झालीय का, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सात-बारा) कोणाची नावं आहेत, आवारात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, ज्याला कायद्याचं संरक्षण असतं) घर आहे का, हे वकिलाकडून बघून घ्या. पंचायतीत घरपट्टीची पावती कोणाच्या नावे आहे तेही. आणि दुरुस्ती म्हणून परवानगी घ्यायची असेल तर घर उभं असताना घ्या. पडल्यावर ते नवं बांधकाम होतं आणि नियमही नवे लागतात.

माशेलच्या उताऱ्यावर सात नावं निघाली, त्यातलं एक लिस्बनला. मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो, ओल मोजायचं छोटं यंत्र घेऊन. जुलैत जे वासे 28 टक्के दाखवत होते ते 14 वर आले होते. 20 च्या वर राहिले असते तर कुजणं चालूच आहे असं समजलो असतो. सात टोचलेले वासे सोडून बाकी सुकले होते. मालकांच्या परवानगीने पन्हळीवर निळी ताडपत्री बांधून आलो आणि चांगली कौलं उतरवून सोप्यावर रचली. म्हाताऱ्याने मोजली, 1140. लिस्बनचं मुखत्यारपत्र मेअखेर येईल म्हणतात.