सॅण्ड ईल, मुडदुशी, कोळंबी की रबर: बेळगावहून समुद्रावर गळ टाकायला जाताना चारा कुठला घ्यायचा?

बेळगाव-खानापूर भागात गळ टाकणाऱ्यांचा हात गोड्या पाण्यावर तयार होतो. राकसकोप, हिडकल, मलप्रभेचे डोह आणि चारा म्हणजे गांडूळ, नाहीतर कणकेचा गोळा. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरून खाऱ्या पाण्यावर जायचं ठरलं की हे दोन्ही निकामी. गांडूळ खाऱ्या पाण्यात लगेच मरून लिबलिबीत होतं आणि कणीक लाटेच्या पहिल्या तडाख्याला गळावरून सुटते. मग इंटरनेटवरचे विलायती व्हिडिओ बघितले जातात. तिथं सगळीकडं सॅण्ड ईल नावाच्या माशाचं कौतुक असतं, आणि प्रश्न येतो, "हे आपल्याकडं मिळतंय काय? नसेल तर त्याच्या जागी काय लावायचं?"

माझं मत आधीच सांगतो. किनाऱ्यावर पोचल्यावर तिथंच मिळालेली जिवंत कोळंबी पहिली. मोकळ्या पुळणीवर मुडदुशी तिच्या बरोबरीची. रबरी सॅण्ड ईल त्यांच्या मागं, पण काही जागी तोच सगळ्यात पुढं. खरा सॅण्ड ईल मात्र यादीतून काढून टाका. कारण तो वाईट आहे असं नाही, तो चारा म्हणून अप्रतिमच आहे. पण तो ज्या समुद्राचा आहे, तिथंच त्याची किंमत आहे.

सॅण्ड ईल ही नावापुरती ईल. वाम किंवा अहिर यांच्याशी तिचं नातं नाही. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला हा बारीक, लांबट, चांदीसारखा मासा आहे. लहान जात वीसेक सेंटिमीटरपर्यंत वाढते, मोठी तीसच्या वर जाते. दिवसा थव्यानं पोहत प्लवंग खातो, रात्री आणि हिवाळ्यात वाळूत घुसून राहतो. त्याला स्वच्छ, जाडसर, गाळ नसलेली वाळूच लागते, कारण तिच्या कणांमधून पाणी खेळतं आणि त्याला श्वास घेता येतो. इंग्लंड-फ्रान्सकडचे लोक मोठ्या ओहोटीला पाण्याच्या कडेची ओली वाळू दाताळ्यानं किंवा बोथट विळ्यासारख्या हत्यारानं ओढत जातात. मासा उसळून वर आला की दुसऱ्या हातानं झडप घालायची. क्षणभर उशीर झाला की तो परत वाळूत गडप. जर्सी बेटावर पूर्वी चांदण्या रात्री माणसं घोळक्यानं या कामाला निघत, आणि त्याला जत्रेचं रूप येई. धरलेले मासे जिवंत ठेवायचे तर भोकं पाडलेली पेटी होडीमागून पाण्यात ओढत न्यावी लागते, कारण साचलेल्या पाण्यात ते फार टिकत नाहीत. जमत नसेल त्यांनी झटपट गोठवलेली पाकिटं घ्यायची. पण एकदा वितळलेला मासा मऊ पडतो आणि पुन्हा गोठवला तर गळावर राहत नाही.

आपल्याकडं ही पद्धत का चालत नाही, याचं एक उत्तर भरती-ओहोटीत आहे. जर्सीभोवती उधाणाला पाणी 12 मीटरपर्यंत चढतं-उतरतं, त्यामुळं मैलोगणती वाळू उघडी पडते. मुंबईला हा फरक पाचेक मीटर, आणि गोवा-कारवारला जेमतेम दोन. दाताळं घेऊन फिरायला तेवढी उघडी वाळूच मिळत नाही. शिवाय त्या माशावर तिकडं पफिनसारखे समुद्रपक्षी जगतात. डेन्मार्कच्या बोटी तो मत्स्यचूर्णासाठी प्रचंड प्रमाणात धरत आल्यात. 2024 पासून उत्तर समुद्रातलं इंग्लंडच्या हद्दीतलं पाणी आणि स्कॉटलंडचं सगळं पाणी या मासेमारीला बंद झालं. गोठवलेलं पाकीट कुठून मागवता येईल या खटपटीत कुणी असेल तर त्यानं हेही लक्षात घ्यावं.

त्याच कामाचा आपला मासा म्हणजे मुडदुशी. कारवारकडं तिला नोगली म्हणतात, कानडीत काणे. कॅम्पातल्या फिश मार्केटात तुम्ही ती खाण्यासाठी घेतली असेल, पण जिवंत असताना ती काय करते ते पुळणीवरच कळतं. लांबट, चंदेरी, वाळूलगत फिरणारी, आणि जाळं जवळ आलं की वाळूत तोंड खुपसून दडणारी. सॅण्ड ईल मोठ्या माशांना ज्या कारणानं आवडतो, ते सगळं हिच्यात आहे. धरायची पद्धत सोपी. अगदी लहान गळ, त्यावर सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, हलकं शिसं, आणि पहिल्या लाटेच्या आतल्या खोलगट पट्ट्यात टाकायचं. लांब फेकायची गरज नाही. बोटभर लांबीची मिळाली की ओठातून गळ घालून ती जिवंतच मोठ्या तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोरीवर) सोडायची. तोटा एकच, आणि तो मोठा आहे: आधी चारा धरण्यात तुमची अर्धी सकाळ जाते. मुक्काम असेल तरच हा मार्ग घ्या. आणि लागतील तेवढ्याच धरा, बादली भरून पिल्लं मारू नका.

यासाठी वेळ काढायला ॲप लागत नाही. घरच्या कॅलेंडरवरची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला. मुडदुशी धरायला पहाटेची ओहोटी आणि पाणी चढायला लागलं की मोठा गळ, असा दिवस पौर्णिमेच्या आसपास सुरेख जुळतो. पुलाखाली किंवा खाडीत बसायचं असेल तर मात्र अष्टमीच्या भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे दिवस बरे. उधाणाच्या ओढीत जिवंत चारा जागेवर राहत नाही.

खाडीत कोळंबीला तोड नाही. मांडवी, तेरेखोल, कारवारची काळी, सगळीकडं चणक आणि तांबोशी हे मासे खांब, खडक, खारफुटीची मुळं यांच्या आडोशाला दबा धरून असतात, आणि कोळंबी त्यांचं रोजचं खाणं. पागणाऱ्याकडून (हातानं फेकायचं जाळं टाकणाऱ्याकडून) जिवंत कोळंबी विकत मिळाली तर घासाघीस करू नका. डोक्यातला काळा ठिपका चुकवून, शिंगाच्या बुडाशी आडवा गळ घातला की ती बराच वेळ उड्या मारत राहते. ठेवायला बॅटरीवरचा हवेचा पंप आणि त्याच खाडीचं पाणी. घरून नेलेलं नळाचं पाणी घातलं तर त्यातल्या क्लोरीननं आणि मीठ नसल्यानं ती मरते. बर्फही थेट टाकू नका, गोठवलेली बाटली बंद ठेवून पाण्यात सोडा.

तारली हा आळशी वाटणारा, पण बेळगावकराच्या सोयीचा चारा. शुक्रवारी बाजारातून आणा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढा, खडे मिठात रात्रभर ठेवा. मांस घट्ट होतं, गळावर टिकतं, आणि बारीक इलॅस्टिक दोऱ्यानं गुंडाळलं तर लांब फेकीलाही सुटत नाही. वास लांबवर जातो. पण वासाला कोण येईल हे तुमच्या हातात नसतं. शिंगाळे, केंड आणि खेकडे आधी येतात. केंड विषारी, खायचा नाही, आणि त्याचे दात तंगूस सहज तोडतात. शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडं जा.

राहिला रबरी सॅण्ड ईल. 1960 च्या दशकात कॉर्नवॉलमधल्या मेव्हागिसी या कोळ्यांच्या गावातून ‘रेड गिल’ नावाचा रबरी ईल निघाला, आणि त्याच्या थरथरत्या शेपटीनं जिवंत माशाची बरोबरी केली. आज त्या धर्तीचे शेकडो प्रकार ऑनलाइन मिळतात. दहा-बारा सेंटिमीटरचा, पाठीवर हिरवट आणि पोटाशी पांढरा, वीसेक ग्रॅमचं डोकं, एवढं पुरे. पाणी स्वच्छ असेल, जागा खडकाळ असेल आणि तुमची चालत राहायची तयारी असेल तर हा बसून वाट बघणाऱ्या कोळंबीला मागं टाकतो. तासाभरात तुम्ही जेवढं पाणी चाळता तेवढं जिवंत चाऱ्यानं शक्य नाही. हळू ओढा, तळाला टेकू द्या, मग झटका द्या. बहुतेक वेळा मासा तो खाली पडतानाच घेतो. गढूळ पाण्यात आणि काळ्या रात्री त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका.

म्हणजे पहाटे निघून रात्री परत यायचं असेल तर खारवलेली तारली सोबत, रबर दोन-चार, आणि वाटेत जिवंत कोळंबी मिळाली तर तीच आधी. वेंगुर्ला किंवा कारवारला मुक्काम असेल तर मुडदुशीसाठी लहान गळ जरूर घ्या. मुलांना घेऊन जाणार असाल तर कोळंबीचे तुकडे आणि लहान गळ पुष्कळ झाले. त्यांना काहीतरी सतत लागायला हवं, मोठं लागायची गरज नाही.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते आणि ताजा चारा बाजारात दुर्मीळ होतो. खानापूरच्या डोंगरात पाऊस कोसळला की म्हादईचं लाल पाणी मांडवी होऊन पणजीपर्यंत जातं, खाडीचा वरचा थर गोडा होतो, आणि त्यात सोडलेली मुडदुशी तग धरत नाही. रबर त्या लाल पाण्यात दिसत नाही. तेव्हा जायचंच असेल तर वासाची तारली घ्या, मुखापाशी सुरक्षित जागी उभे राहा, आणि खवळलेल्या लाटेत खडकावर कुणीही चढू नका.