जनरेटरची ट्रॉली ओढायला जुनी स्कॉर्पिओ घ्यावी का? वापरानंतरचा अनुभव

मंडप-लाइटिंगच्या कामात जनरेटरबरोबर चार-पाच गडीही न्यायचे असतात. पिकअपमध्ये ते बसत नाहीत आणि नवी मोठी गाडी परवडत नाही, म्हणून नजर जुन्या एसयूव्हीवर जाते. हा अनुभव २०१२ च्या स्कॉर्पिओचा आहे. २.२ एमहॉक इंजिन, पाच गिअर, टू-व्हील ड्राइव्ह. मागे १५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर, ट्रॉलीच्या सांगाड्यासकट साधारण एक टन. फिरणं सांगली, मिरज, तासगाव, विटा आणि तिकडे वाई-पाचगणी. लगीनसराई, गणपती, गावोगावच्या यात्रा, सगळं त्यात आलं.

एक टनापर्यंत ही गाडी पुरते, हे आधीच सांगतो. पण बहुतेक जण ती किती चटकन वेग धरते एवढंच बघून घेतात आणि तिथेच निवड चुकते. ओढायला कुठलंही धडधाकट डिझेल इंजिन ओढतं. घाट उतरताना मागचं वजन आवरतं का, मागची चॅसी ते पेलते का आणि क्लच किती दिवस टिकतो, यावर सौदा ठरवायला हवा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. १२० पीएस आणि २९० एनएम, आणि हा जोर १८०० आरपीएमपासून मिळतो. त्यामुळे ट्रॉली लावून खंबाटकी चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दमत नाही. ॲव्हरेज रिकामी असताना अकरा-बारा, ट्रॉली लावल्यावर आठ-नऊ. घाट संपल्या-संपल्या किल्ली फिरवून बंद करू नका. टर्बोचं बेअरिंग तापलेलं असतं आणि इंजिन बंद झालं की त्याचं ऑइलही थांबतं. एक-दोन मिनिटं आयडलला राहू द्या.

आता ब्रेक. गाडी, माणसं आणि ट्रॉली मिळून तीन टन धरा. हे वजन १०० मीटर उंचीवरून खाली आणताना जी उष्णता तयार होते, तिच्यात नऊ लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. कुंभार्ली किंवा पसरणीचा उतार यापेक्षा कितीतरी जास्त आहे. ही उष्णता इंजिनाने अडवली नाही तर सगळी पुढच्या डिस्कमध्ये आणि मागच्या ड्रममध्ये जाते. आधी लायनर तापून पकड सुटते, मग ब्रेक ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. डॉट ४ चं नवं ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण हवेतली ओल पिऊन जुनं झालं की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. जुन्या गाडीत ते कधी बदललं हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून गाडी ताब्यात आल्यावर पहिला खर्च ब्रेक ऑइलचा करा, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहा.

उतरायचं ते चढलेल्या गिअरमध्येच, म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्यात. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. थोडा जोरात दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवण्याची सवय असलेल्या ड्रायव्हरच्या हाती ही जोडी देऊच नका.

घेताना ब्रेक असे तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि मग स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली आलं तर बूस्टर ठीक आहे. इंजिन चालू असताना दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर गेला. डिस्कच्या कडेला बोट फिरवा, ओठ आला असेल तर ती झिजली आहे.

हुकाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त जुगाड इथेच होतो. बंपरच्या लोखंडाला किंवा चॅसीच्या मागच्या आडव्या पट्टीला हुक नुसता वेल्डिंग करून देतात. सरळ रस्त्यावर तो टिकतो. खड्ड्यात ट्रॉली वर-खाली झाली की वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही. नीट काम असं असतं: चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या लांब रेल्सना दोन लांब हात, प्रत्येक हाताला किमान तीन-चार एम-१२ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट. रेल पोकळ असते, म्हणून बोल्टच्या जागी आत पाइपाचा तुकडा घालायचा, नाहीतर आवळताना रेल चेपते आणि बोल्ट ढिले होत राहतात. स्टेपनी खालून निघते का, हेही फॅब्रिकेशनवाल्याकडून निघण्याआधी बघून घ्या. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) कनेक्शन काढायला लावा.

गाडीला आधीच हुक असेल तर खूश होऊ नका. भोकं लांबट झाली आहेत का, आजूबाजूचा रंग तडकला आहे का, हे टॉर्च लावून बघा. हुक आहे म्हणजे आधीच्या मालकानेही ओढलंय, तेव्हा क्लच दुप्पट बारकाईने तपासायला हवा.

हुकावर किती वजन बसतं हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के, म्हणजे एक टनाला ७० ते १०० किलो, पुढे हुकावर यायला हवं. कमी आलं तर साठच्या पुढे ट्रॉली डुलायला लागते आणि गाडीचा मागचा भाग सोबत नेते. जास्त आलं तर गाडी मागे बसते. हिशोब असा: हुकावर ८० किलो आणि हुक मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे धरा. स्कॉर्पिओचा व्हीलबेस २.६८ मीटर. तर मागच्या एक्सलवर ८० नाही, साधारण ११६ किलो वाढतात आणि पुढचा एक्सल ३६ किलोने हलका होतो. स्टिअरिंग हलकं वाटतं ते म्हणून, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात तेही म्हणून.

हे वजन काट्यावर नीट कळत नाही, कारण ट्रकचा काटा पाच-दहा किलोचा फरक दाखवत नाही. एकूण ट्रॉली काट्यावर करा आणि हुकाचं वजन घरच्या वजनाच्या मशीनवर मोजा. जाड फळी घ्या. तिचं एक टोक पाइपाच्या तुकड्यावर आणि त्या पाइपापासून तीन फुटांवर फळीखाली मशीन. ट्रॉलीचं नाक पाइपापासून एक फुटावर टेकवा. आधी रिकाम्या फळीचा आकडा वजा करा, उरलेल्याला तीनने गुणा. नाक हुकाच्याच उंचीवर असायला हवं, नाहीतर आकडा फसवतो. वजन कमी निघालं तर जनरेटरचे पाये सोडून तो दोन-तीन इंच पुढे सरकवा. केबलचे ड्रम आणि डिझेलचे कॅन मागे लादायची सवयही सोडा.

ट्रॉली डुलायला लागली तर ब्रेक मारू नका आणि वेग वाढवूनही सरळ करायला जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. पुणे-बंगळूर हायवेवर ५०-६० च्या वर जायची गरज नाही. शेजारून कंटेनर गेला की हवेचा धक्का ट्रॉलीला आधी बसतो.

रिंग-पिनच्या कपलिंगमध्ये तीन-चार मिलिमीटरचा खेळ असला तरी प्रत्येक गिअरला मागून दणका बसतो. तो दणका प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि क्राऊन-पिनियनला जातो. ५० मिलिमीटरचा बॉल आणि लॉकवालं कपलर लावल्यावर हा त्रास जवळपास गेला. सेफ्टी चेन दोन हव्यात, हुकाखाली एकमेकींना छेद देऊन. कपलर निसटलं तर नाक रस्त्यात न रुतता चेनच्या झोळीत पडतं.

क्लच हा या वापरातला मुख्य खर्च. टू-व्हील ड्राइव्हला लो रेशो, म्हणजे अगदी हळू पण जोराने ओढणारा जादा गिअर, नसतो. चढावर ट्रॉली रिव्हर्स घ्यायची म्हटलं की अर्धा क्लच दाबूनच घ्यावी लागते आणि पाच मिनिटांत वास येतो. म्हणून ट्रॉलीच्या नाकाला जॉकी व्हील (टेकायचं छोटं चाक) बसवा आणि शेवटचे दहा-पंधरा फूट गड्यांकडून ढकलून घ्या. घेताना तपासायचं असं: चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम पळाला आणि गाडी तिथेच राहिली, तर प्लेट संपली. गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) असेल तर क्लचसेटसोबत त्याचाही खर्च धरा. आयडलला खडखड आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलणं ही त्याची खूण.

सांगली-मिरजेत गाडी सपाटीवर चालवून पसंत करतात. तसं करू नका. साताऱ्याची गाडी असेल तर एसी लावून यवतेश्वरचा घाट काढा, इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेवर स्थिर राहतोय का बघा. आपल्याकडे उसाच्या पाचटाचा कचरा आणि धूळ एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये बसते. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण हवा जात नाही. दोन्ही वेगळे करून कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवावे लागतात. कूलंटच्या जागी साधं पाणी भरलेलं दिसलं तर रेडिएटर आणि वॉटर पंपाचे पैसे सौद्यातून कमी करा.

इंजिन थंड असतानाच बघायला जा आणि आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल खाते. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग इंजेक्टर. आयडलला ऑइलचं झाकण काढल्यावर झटक्या-झटक्याने धूर फेकत असेल तर इंजिनाचं काम जवळ आलंय.

सांगलीकडची गाडी घेताना २०१९ आणि २०२१ च्या पुराचं लक्षात ठेवा. कृष्णेचा गाळ बारीक असतो, धुऊनही पूर्ण जात नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर उठून चालायला लागा. सीटच्या रेल्सचा गंज, कार्पेटखालचा गाळ, फ्यूज बॉक्समधल्या पिनांवर हिरवट बुरशी हेही बघा. पुरातली गाडी वायरिंगने नंतर छळते, आणि ट्रॉलीचे दिवे त्याच वायरिंगवर चालवायचे असतात. चॅसीचा मागचा तिसरा हिस्सा छोट्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज बदलून बोदा आला तर तिथे गंज आतून खातोय. ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर जास्त ठोका.

टायरवरच्या चार आकडी तारखेत पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा-सात वर्षांपुढचे टायर नक्षी असली तरी ओढायला घेऊ नका. ट्रॉलीच्या टायरलाही हाच नियम, तिथे तर लोक जीपचे टाकाऊ टायर घालतात. ट्रॉलीचे हब वर्षातून एकदा उघडून ग्रीस बदला. चाक पाण्यात बुडालं असेल तर लगेच. थांबल्यावर हबला हात लावून बघायची सवय ठेवा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला तर बेअरिंग जातंय. दिव्यांची अर्थ वायर हुकावर भरवसा न ठेवता स्वतंत्र ओढा, २.५ चौरस मिलिमीटरची. गळितात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्या गर्दीत आपली ट्रॉली मागून दिसायलाच हवी. मागे लाल रिफ्लेक्टर टेप पूर्ण रुंदीला लावा.

दुसऱ्या गाड्यांचं काय? बोलेरोला मागे कमानपाटे आहेत, वजनाने ती कमी बसते, दुरुस्तीही स्वस्त. पण २.५ च्या ६३ पीएसवर एक टन घेऊन घाटात रांग लागते. सपाटीवरच काम असेल तर बोलेरोच घ्या. सफारी २.२ डायकोर १४० पीएस आणि ३२० एनएमची, ओढायला स्कॉर्पिओपेक्षा सरस. फक्त हे मॉडेल आता बंद झालंय, तेव्हा आपल्या मिस्त्रीला सुटे भाग कुठून येतात ते आधी विचारा. काळ्या मातीच्या शेतात मंडप असतील तर फोर-बाय-फोर उपयोगी आहे. मोनोकॉक बॉडीच्या, म्हणजे वेगळी चॅसी नसलेल्या, गाड्या या कामाला बघूच नका. आणि वजन दीड टनाच्या आसपास जात असेल किंवा ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसताना रोज घाट असेल, तर एसयूव्हीचा विचार सोडून जनरेटर पिकअपच्या हौद्यात चढवा.

कागदांत तीन गोष्टी. नोंदणीला १५ वर्षं व्हायला आली असतील तर पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स तुमच्या माथी येतो, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. एमएच-०९ ची (कोल्हापूरची) गाडी एमएच-१० ला (सांगलीला) आणायची असेल तर एनओसीचा फॉर्म २८, शिवाय मालकी बदलायचे २९ आणि ३०, आणि कर्ज असेल तर बँकेचा कर्ज फिटल्याचा ३५. ट्रॉली हे कायद्याने वेगळं वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी. विम्याच्या पॉलिसीत ट्रेलरची नोंद आणि धंद्याचा वापर दोन्ही लेखी करून घ्या. खासगी पॉलिसीत भाड्याचा आणि मालवाहतुकीचा वापर वगळलेला असतो, आणि तो मुद्दा नेमका अपघातानंतर काढला जातो.