केबल काढल्यावरही तो संगणक चालूच राहिला

डिस्कलेस, म्हणजे स्वतःची डिस्क नसलेल्या आणि नेटवर्कवरून सर्व्हरच्या डिस्कवर चालणाऱ्या, संगणकांची व्यवस्था बसवून देतो असे सांगून एका विक्रेत्याने माझ्याकडून ४,१२,८०० रुपये घेतले आणि माझ्या २४ चालू हार्ड डिस्कही उचलून नेल्या. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी या विषयात अनभिज्ञ नव्हतो. संगणक सुरू होताना नेटवर्क कार्डातील पीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्राम आयपी पत्ता कसा मागतो, पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्या पत्त्याबरोबर बूट फाइलचा ठावठिकाणा कसा कळवतो, ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने कशी उतरते आणि पुढे सर्व्हरवरील डिस्क आयस्कझी (iSCSI) या नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीमार्फत स्वतःचीच असल्यासारखी संगणकाला कशी दिसते, हे मी वाचले होते. तरीही फसलो.

मूळ कल्पना खोटी नाही, हे आधी स्पष्ट करतो. पीएक्सईचे २.१ हे विनिर्देश १९९९ सालचे आहेत, तर आयस्कझीचे मानक २००४ सालचे. माझ्या प्रशिक्षण वर्गात २४ संगणक आहेत. प्रत्येकावर वेगळी प्रणाली, वेगळे अपडेट, वेगळे व्हायरस. सर्व्हरवर एकच इमेज, म्हणजे प्रणालीसह संपूर्ण डिस्कची प्रत, ठेवावी, सर्वांनी तिच्यावरून बूट व्हावे, विद्यार्थ्याने केलेले बदल वेगळ्या थरात जाऊन रीस्टार्टबरोबर पुसले जावेत, एवढीच माझी अपेक्षा होती आणि तिच्यात हाव नव्हती. सर्वांत स्वस्त कोटेशन पाहून मी भुललो असे कोणी म्हणू नये; आलेल्या तीन कोटेशनांपैकी मी मधले निवडले होते.

त्यात सर्व्हरचे ३,२०,०००, स्विचचे ४६,०००, प्रतिसंगणक ३,५०० रुपयांप्रमाणे २४ लायसन्सचे ८४,००० आणि जोडणीचे ३०,००० असे एकूण ४,८०,००० रुपये होते. साठ टक्के, म्हणजे २,८८,००० रुपये ॲडव्हान्स, तीस टक्के माल आल्यावर आणि उरलेले ४८,००० रुपये महिनाभराने, असे ठरले. हा शेवटचा हप्ता मी दिला नाही, एवढेच काय ते वाचले. या कामात साठ टक्के ॲडव्हान्स कोणालाही देऊ नका.

ॲडव्हान्स देण्यापूर्वी त्याने प्रात्यक्षिक दाखवले आणि त्या वीस मिनिटांचा विचार केल्याशिवाय माझा आजही एक दिवस जात नाही. दोन लहान, बंद पेटीचे संगणक त्याने स्वतःच आणले होते. ते सुरू झाले, तेव्हा पडद्यावर फक्त कंपनीचे चिन्ह आले; आयपी पत्ता मिळाल्याची किंवा फाइल उतरत असल्याची एकही ओळ दिसली नाही. मी विचारले, तर त्या ओळी विद्यार्थ्यांना गोंधळात टाकतात म्हणून लपवल्या आहेत, असे तो म्हणाला. मग त्याने एक फाइल साठवली, संगणक पुन्हा सुरू केला आणि फाइल नाहीशी झालेली दाखवली. मला हेच तर हवे होते. स्थानिक डिस्कवरही रीस्टार्टनंतर सर्व बदल पुसून टाकणारी सॉफ्टवेअर मिळतात, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नाही.

त्यानंतर माझ्या सहकाऱ्याचा पाय अडकून एका संगणकाची नेटवर्क केबल निघाली. संगणक चालूच राहिला. नुसता माउसचा बाण हलत राहिला असता तर समजण्यासारखे होते, कारण मेमरीत आधीच असलेले काही काळ पडद्यावर राहते. परंतु विक्रेत्याने त्याच अवस्थेत आरेखनाचे एक मोठे सॉफ्टवेअर पहिल्यांदाच उघडले आणि तेही लगेच उघडले. जिची डिस्क नेटवर्कच्या पलीकडे आहे, ती प्रणाली अशा वेळी गोठायला हवी. मी तसे म्हणालो. ‘साहेब, सगळं आधीच कॅशमध्ये येतं,’ म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठवणीत येते, असे उत्तर मिळाले. इमेज ६४ जीबीची आहे आणि संगणकाची मेमरी ८ जीबीची आहे, हे त्यानेच दहा मिनिटांपूर्वी सांगितले होते. ६४ जीबी ८ जीबीत मावत नाहीत, हे ताडायला तज्ज्ञ लागत नाही. त्या पेटीचे चार स्क्रू काढायला लावले असते, तर आतली डिस्क हाताला लागली असती. समोरचा माणूस आत्मविश्वासाने बोलत होता, सहकारी केबल ओढल्याबद्दल माफी मागत होता आणि आपण उगाच शंकेखोर ठरू नये असे मला वाटले. त्या संकोचापायी मी गप्प बसलो.

म्हणून प्रात्यक्षिक स्वतःच्या संगणकावर घ्या, त्याची डिस्क स्वतः काढा आणि केबलही स्वतःच्या हाताने ओढा.

माल आला तेव्हा ‘तपासून घेतले’ असे छापलेल्या चलानावर मी सही केली. जुन्या डिस्कना प्रत्येकी ८०० रुपये, म्हणजे १९,२०० रुपये वळते करून मी १,२४,८०० रुपये पाठवले. कबूल केलेल्या दोन दहा-गिगाबिट पोर्टांऐवजी सर्व्हरला एकच एक-गिगाबिट पोर्ट होता आणि चार एसएसडींच्या, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कच्या, जागी दोन फिरत्या डिस्क होत्या, त्याही ४१,००० तास चाललेल्या. हा आकडा डिस्क स्वतःविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदीत सरळ दिसतो. मी तो तीन आठवड्यांनी पाहिला. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. ते २४ संगणकांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच येतात, आणि २४ ठिकाणचे वाचन एकदम मागितले की फिरत्या डिस्कला तेवढेही पेलत नाही. पहिल्या दिवशी त्याने सहाच संगणक सुरू करून दाखवले. सर्व एकाच वेळी सुरू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

८४,००० रुपयांचे लायसन्स म्हणजे फुकट मिळणारे आयपीएक्सई हे नेटवर्कवरून बूट करणारे मुक्त सॉफ्टवेअर, त्यावर चढवलेले त्याचे नाव आणि तीस दिवसांनी बंद पडण्याची सोय. मुक्त सॉफ्टवेअर बसवून देण्याचे पैसे घेणे गैर नाही. ते स्वतःचे म्हणून प्रतिसंगणक विकणे ही फसवणूक आहे. एकतिसाव्या दिवशी एकही संगणक बूट झाला नाही. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच होता. नूतनीकरणाचे ३६,००० रुपये त्याने मागितले, मी नकार दिला आणि त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. संगणकांत डिस्क नव्हत्या आणि सर्व्हर उघडत नव्हता.

पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला, की डिस्कच नसेल तर संगणक चालेल कसा, आणि असे काही असते यावर तुम्ही विश्वास ठेवलाच कसा. मी कागदावर आकृती काढून दाखवली. विषय संगणकाचा आहे म्हणून मला सायबर शाखेकडे पाठवले गेले. व्यवहार समोरासमोर झाला आहे, ऑनलाइन नाही, म्हणून सायबर शाखेने मला ठाण्याकडे परत पाठवले. अशा पाच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागले. शेवटी चलानावरची सही दाखवून, माल मिळालेला आहे, हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा, असे सांगण्यात आले. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच पाठवले. ग्राहक तक्रारीसाठी गेलो, तर खरेदी व्यवसायासाठी आहे असा आक्षेप निघाला. केबल निघाल्यावर संगणक का थांबायला हवा होता, हे समजून घेण्यासाठी या सगळ्यांपैकी एकानेही पाच मिनिटे दिली नाहीत, आणि तेच समजले नाही तर हेतू पहिल्या दिवसापासून फसवण्याचा होता हे कसे कळणार? मालात खोट निघणे वेगळे आणि प्रात्यक्षिकाच्या पेटीत डिस्क लपवून आणणे वेगळे, हे मी प्रत्येक टेबलावर सांगितले.

जुन्या डिस्क महिनाभर तरी कोणाला देऊ नका आणि देण्यापूर्वी त्या पूर्ण पुसा. मी पुसल्या नव्हत्या. त्या २४ डिस्कवर विद्यार्थ्यांची नावे, फोन क्रमांक आणि ओळखपत्रांच्या प्रती आहेत. त्याविषयी तक्रार अर्जात मी स्वतंत्र परिच्छेद लिहिला होता, त्यावर अद्याप कोणी एक प्रश्नही विचारलेला नाही. ज्यांची माहिती त्यात आहे त्यांना मी आता एकेक करून फोन करतो आहे. आजपर्यंत १३७ जणांशी बोलणे झाले आहे.