वेफर्सच्या पाकिटांचे पेव्हर ब्लॉक: सोलापूरच्या उन्हात कुठे चालतात, कुठे नाही

वेफर्सची पाकिटे, बिस्किटांची वेष्टने, शाम्पूच्या पुड्या भंगारवाला हातात धरत नाही. प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि अॅल्युमिनियमचा मुलामा असे चिकटलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. हाच कचरा वाळूबरोबर वितळवून एक नवा उद्योग ६० मिमी जाडीचे पेव्हर ब्लॉक बनवतो, आणि ते आता सोलापुरातल्या बंगल्यांच्या अंगणात दिसतात. निकाल आधीच सांगून टाकतो: बागेतली वाट, सावलीतले अंगण, धुण्याची जागा, गच्ची यांसाठी जरूर घ्या. भर उन्हात जिथे गाडी उभी राहते तिथे घेऊ नका.

कारण साधे आहे. सिमेंटचा ब्लॉक वजनाने फुटतो, हा उन्हाने हरतो. मे महिन्यात इथला पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा जमिनीवरच्या गडद ब्लॉकचा पृष्ठभाग ६० च्या पुढे सरकतो. पाकिटांतले पॉलिथिन वितळते ११० ते १३५ अंशांना, म्हणजे ब्लॉक वितळणार नाही. पण मऊ पडतो, आणि मऊ पडल्यावर एका जागी सतत टेकलेल्या वजनाखाली हळूहळू दबतो. चारचाकीचे रुंद टायर एकवेळ चालून जाईल. खरा शत्रू मोटरसायकलचा साइड स्टँड. दुपारी लावलेली गाडी संध्याकाळी काढली की नाण्याएवढा खळगा तसाच राहतो, आणि पहिल्या पावसात त्यात पाणी साचते.

विक्रेता दाबक्षमतेचा प्रयोगशाळेचा अहवाल पुढे करेल. त्यात चाचणीच्या वेळचे तापमान पाहा. ती नेहमीच्या खोलीच्या तापमानाला झालेली असेल तर सोलापूरसाठी अर्धीच माहिती मिळाली, ६० अंशांचा आकडा मागा. ‘आयएस १५६५८ प्रमाणे’ असे कोणी म्हणाले तर तेही तपासून घ्या. ते मानक सिमेंट काँक्रीटच्या ब्लॉकसाठी आहे. त्यातली एखादी चाचणी या मालावर करता येते, पण त्याने माल त्या मानकात बसत नाही.

कारखान्यात पाकिटे आधी कापून बारीक करतात, धुऊन वाळवतात, वाळूत मिसळून १६० ते २०० अंशांना लगदा करतात, साच्यात हायड्रॉलिक प्रेसखाली दाबतात आणि दाब तसाच ठेवून गार करतात. चुका होतात त्या वाळवण्यात आणि गार करण्यात. पाकीट ओलसर राहिले की आत वाफ होऊन पोकळ्या पडतात. साच्यातून घाईने काढलेला ब्लॉक कोपऱ्यांवर वाकतो. फरसाणाचे तेल नीट धुतले नसेल तर नव्या ब्लॉकला उन्हात खवट वास मारतो. म्हणून एक नमुना मागून तो फोडा. तुटलेल्या कडेत चंदेरी ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले हवेत. एका बाजूला चकचकीत पट्टा आणि दुसरीकडे नुसती वाळू दिसली तर मिश्रण कच्चे आहे. दुसरा नमुना किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. सिमेंटच्या ब्लॉकला मानकात सरासरी ६ टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे. इथे वजनात जवळपास फरक पडायला नको. पडला तर आत पोकळी आहे.

पीव्हीसी या वेगळ्या जातीच्या प्लॅस्टिकचा कचरा कसा बाजूला काढता, हेही विचारा. तापवल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती मशीनही खाते आणि कामगारांची छातीही. चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीच. ‘आम्ही फ्लेक्ससुद्धा घेतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्याकडून माल घेऊ नये.

रंगाचे गणित अवघड आहे. काळा रंग अतिनील किरणांना उत्तम टिकतो, पण तापतोही सर्वांत जास्त. लाल-पिवळा लवकर विटतो. करडा त्यातल्या त्यात बरा. दुपारी अनवाणी चालायचे असेल तर मात्र कोणताच नको, तिथे शहाबादी फरशीच लावा. तीही तापते, पण विटत नाही, दबत नाही, आणि शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते.

बसवताना गवंडी नेहमीच्या सवयीने ब्लॉक घट्ट भिडवतो. इथे तसे करू देऊ नका. पॉलिथिन तापल्यावर काँक्रीटच्या दहापट किंवा त्याहून जास्त फुगते. वाळूमुळे ते प्रमाण उतरते, तरी काँक्रीटपेक्षा जास्तच राहते. ४ ते ५ मिमी सांध ठेवून त्यात कोरडी बारीक वाळू भरा, नाहीतर उन्हाळ्यात मधली रांग उचलते. कडेला सिमेंट काँक्रीटची पट्टी हवीच, कारण या ब्लॉकला सिमेंट धरत नाही. नुसता सिमेंट-वाळूचा माल थापून कड बंद केली तर ती सुटते.

खाली काळी माती असेल तर वरचा ब्लॉक कोणताही असो, खर्च पायावर होतो. आठ-दहा इंच माती काढा, मुरूम थराथराने ओला करून दाबा, वर इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा) पसरा. दर ५० फुटांना एक फूट उतार द्या. कापायला साधा ग्राइंडर जोरात फिरवला की प्लॅस्टिक वितळून पाते भरते, तेव्हा पाणी सोडत सावकाश कापा आणि भुकटी गोळा करा. ती गटारात गेली तर कचरा पुन्हा जिथून आला तिथेच.

जमेच्या बाजू खऱ्या आहेत. ६० मिमीचा सिमेंट ब्लॉक चौरस फुटाला १२-१३ किलो भरतो, हा साधारण पाऊणपट, म्हणून गच्चीवर भार कमी. मोरीतल्या ॲसिडने झिजत नाही, बोअरच्या पाण्याचा खार आत मुरत नाही. बनवताना क्युरिंग, म्हणजे सिमेंटसारखे रोज पाणी मारणे, लागत नाही, आणि काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात ही लहान गोष्ट नव्हे. मात्र हा जळतो. पाणी तापवायचा बंब, चूल, वेल्डिंगचे काम याच्यापासून लांब ठेवा.

भाव सिमेंटच्या ब्लॉकशी चौरस फुटावर ताडून पाहा, नगावर नको. पाच टक्के माल जादा घ्या, कारण पुढच्या खेपेचा रंग जुळत नाही. तुटके ब्लॉक परत घेऊन पुन्हा वितळवू, असे सगळे तोंडी सांगतात; ते बिलावर लिहून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी निघालेला ढीग भंगारवाला नेणार नाही.