वागळे इस्टेटचे रेडिएटरवाले काका आणि आमची तापट फियाट

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि जे ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला राहतात त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू, बाकीच्यांना बोअर होईल. आमची १९७० ची फियाट डिलाइट, १०८९ सीसी, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला निवांत पळायची आणि माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की तापमानाच्या मीटरचा काटा चढायला सुरुवात. गायमुखपर्यंत जायचं म्हणजे मध्ये एकदा कडेला घेऊन बॉनेट उघडायचं हे ठरलेलंच, मग येणारा जाणारा प्रत्येक जण सल्ला देणार, विकून टाका म्हणून.

आधी एका गॅरेजला दाखवली होती, त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला, रेडिएटरला कुठल्यातरी नव्या गाडीची जास्त प्रेशरची कॅप बसवली आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंख्याचं भलंमोठं कोटेशन हातात दिलं. मला मूळ रूप बिघडवायचं नव्हतं, कारण २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते पण ती मूळ रूपात लागते, आणि मनात आहे कधीतरी तो व्हिंटेज गाड्यांचा व्हीए नंबर घ्यायचा. मग एका ओळखीच्या पद्मिनीवाल्याने काकांचं नाव सांगितलं. (नाव-नंबर इथे टाकत नाही, काकांनीच नको म्हटलंय, आहे तेच काम उरकत नाही म्हणतात.)

काकांचा पहिला प्रश्न, "उभी असताना तापते की पळताना?" म्हटलं उभी असताना. "मग पाण्याचं आधी बघत नाही, हवेचं बघू." पळताना तापणारी गाडी असेल तर कोअर (रेडिएटरमधली पाण्याच्या नळ्यांची जाळी) चोकअप, पाण्याचा पंप वगैरेवर पहिला संशय, पण पळताना थंड आणि सिग्नलला गरम म्हणजे आधी पंख्याची हवा तपासायची. या गाडीत पंखा इंजिनच्या पट्ट्यावर, इंजिन हळू तर पंखाही हळू, आणि जेव्हा हवेची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच ती सगळ्यात कमी.

पुढे जे केलं ते मी कुठल्या गॅरेजमध्ये बघितलं नव्हतं. गाडी चालू ठेवून पोऱ्याला दोन उदबत्त्या पेटवायला लावल्या आणि ग्रिलसमोर फिरवायला सांगितल्या. मधोमध धूर सरळ आत खेचला जात होता, खालच्या कोपऱ्यात नुसताच रेंगाळत होता, आणि वरच्या कडेला, रेडिएटर आणि पुढचा पत्रा यांच्या फटीपाशी, चक्क उलटा बाहेर येत होता! म्हणजे पंख्याने मागे टाकलेली गरम हवा त्या फटीतून फिरून परत पुढे, आणि तीच पुन्हा रेडिएटरमध्ये. असल्या गाडीला कितीही मोठा रेडिएटर लावा, काय उपयोग. मग इंजिन बंद करून कोअरवरून तळहात फिरवला आणि माझाही हात धरून फिरवला, डावीकडे एक उभा पट्टा बऱ्यापैकी गार लागत होता. तेवढ्या नळ्या बंद.

काम काय केलं तर फटी रबराच्या पट्टीने बंद, पंख्याभोवती पत्र्याचं श्राउड, म्हणजे हवा कोअरमधूनच खेचली जावी म्हणून कडं, बनवलं (पाती अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि कडेने मोकळी जागा, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं), कोअरच्या पुढ्यात कोणीतरी बसवलेले दोन मोठे हॉर्न बाजूला सरकवले. रेडिएटरची वरची टाकी झाळ सोडवून उघडली तर आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, किटलीच्या बुडाला असतो तसा. सळई मारून नळ्या साफ, नवसागर आणि कथलाचा तो धूर नाकात गेला की दिवसभर जात नाही, मग हौदात बुडवून हवा भरून बुडबुडे बघितले. नवीन कोअर टाका म्हणून मीच मागे लागलो होतो, काकांनी साफ नाही म्हटलं, तांब्याचा आहे, अजून चांगला जाईल. थर्मोस्टॅट ८२ डिग्रीचा परत बसवला, नाहीतर थंडीत हायवेला इंजिन नीट तापतच नाही आणि झीज वाढते. कॅप पण बदलून कमी प्रेशरची लावली, प्रेशर वाढलं की पाणी उशिरा उकळतं हे खरं, दर पीएसआयला साधारण दीड डिग्री, पण जुनी झाळ आणि जुने पाइप तेवढा दाब सोसत नाहीत.

बॉनेटच्या मागच्या कडेखाली वॉशर घालून गरम हवा बाहेर काढायचा जुगाड मी विचारला. काका हसले. उभ्या गाडीत ठीक, पण गाडी पळायला लागली की काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर यायच्या ऐवजी आत घुसते.

रिझल्ट: भर मेमध्ये दुपारी कापूरबावडी ते गायमुख, एसीवाल्या गाड्यांच्या मध्ये रांगत, काटा ९० च्या आसपास. बॉनेट उघडलं नाही.

आता तक्रारी. वेळ अजिबात पाळत नाहीत, गुरुवार म्हणजे पुढचा मंगळवार समजा. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. क्लॅम्प एकदम हलके लावले होते, मी घरी येऊन बदलले. आणि दिसायला छान म्हणून कोअरवर जाड काळा ऑइल पेंट फासला, जो खरं तर तिथे नको, उष्णता बाहेर पडायला आडच येतो, एवढं सगळं कळणाऱ्या माणसाने हे का करावं कळलं नाही.

पेट्रोलच्या बाजूचं काम ते घेत नाहीत हेही आधीच सांगतो. गरम गाडी बंद केली की पंखाही थांबतो, पाणीही थांबतं, आणि थोडा वेळ बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, त्यात आताच्या ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल ७८ डिग्रीलाच उकळतं, मग पेट्रोलच्या पंपात वाफ अडकते आणि गाडी स्टार्ट होत नाही. माझी अजून कधीकधी करते, पंपावर ओलं फडकं टाकतो. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांबून फिरवायचा आणि कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा करायचाय, इथेनॉलने मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं म्हणून. ठाण्यात कोणी चांगला कार्बोरेटरवाला असेल तर सुचवा.

काकांकडे जायचं तर गाडी तापवूनच न्या, गार इंजिन ते तपासत नाहीत, परत पाठवतात. रविवारी बंद, रोख पैसे ठेवा, आणि गल्लीत टेम्पो लागायच्या आत सकाळी पोचा.