पावसाळी ट्रेकचे शूज : पन्हाळा ते पावनखिंड वापरून झाल्यावर

पन्हाळा-पावनखिंड करून आल्यापासून ग्रुपवर सगळ्यांचं एकच चाललंय, शूज कुठले होते, तुझे पाय कसे काय सोलले नाहीत. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो, पुढच्या जुलैला जाणाऱ्यांना पण उपयोग होईल.

शूज म्हणजे घोट्याच्या खाली राहणारे ट्रेल शूज, वरचं कापड जाळीचं, वॉटरप्रूफ अजिबात नाहीत, रबरी सोल आणि त्याला खाली साधारण पाच मिलिमीटरचे दात. आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात तीन हजाराच्या आत मिळाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मॉडेलचं नाव तेच ठेवून खालचा सोल नाहीतर आतला साचा बदललेला असतो असं बऱ्याचदा होतं, आणि मग मी सांगितलं म्हणून तुम्ही तेच नाव मागणार आणि हातात वेगळाच शूज पडणार. काय बघून घेतला हे कळलं की कुठल्याही दुकानात कुठल्याही कंपनीचा चांगला जोड उचलता येतो.

निकाल आधीच सांगतो. फिटिंगला पैकीच्या पैकी. चिखलात नाद खुळा. ओल्या जांभ्या दगडावर चांगला, पण डोळे झाकून पाय टाकावा इतका नाही. टिकायला मात्र शिवून घ्यायलाच पाहिजे, त्यावर खाली लिहितोच.

ही वाट ज्यांनी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. १६६० सालच्या १२ जुलैच्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून निघाले आणि १३ जुलैला बाजीप्रभू आणि बांदल मंडळींनी खिंड लढवली, म्हणून आपल्याकडं ही मोहीम भर पावसात जुलैमध्येच होते. पन्नासेक किलोमीटरची चाल, बहुतेक ग्रुप मध्ये एक मुक्काम करतात. आणि ह्या एकाच वाटेत जमिनीचे सगळे प्रकार येतात, इथंच शूजची परीक्षा होते. पन्हाळ्यावरून उतरलं की पुढं मसाई पठार, म्हणजे सगळा जांभा, त्याच्यावर पाण्याची डबकी आणि शेवाळ. पठार उतरलं की लाल चिखल. मग भाताच्या खाचरांचे बांध, एक पाय मावेल एवढेच रुंद आणि वरून साबण लावल्यासारखे निसरडे. मध्ये ओढे, कुठं गुडघ्याला पाणी. आणि शेवटी पांढरेपाणीच्या बाजूला जंगलातली वाट, तिथं पानांचा कुजलेला थर आणि त्याच्याखाली काय आहे ते पाय पडल्यावरच कळतं.

आता ग्रिप. लोक दुकानात शूज उलटा करून दात किती मोठे एवढंच बघतात. चिखलासाठी ते बरोबर आहे, खोल दात पाहिजेतच, पण त्यापेक्षा दोन दातांमध्ये जागा किती आहे ते महत्त्वाचं. दात जवळजवळ असले की मधे चिखल अडकून बसतो, निघतच नाही, आणि दहा पावलांत खाली नुसता सपाट चिखलाचा गोळा तयार होतो, मग पाच मिलिमीटर असो नाहीतर आठ, उपयोग शून्य. माझ्या जोडात दात एकमेकांपासून लांब लांब आहेत, पाय आपटला की चिखल गळून पडत होता. दुसरं म्हणजे दातांची दिशा. चवड्याखालचे दात चढताना मागं घसरू देत नाहीत आणि टाचेखालचे उलट्या दिशेला असतात, ते उतरताना ब्रेक मारतात. मसाई पठाराच्या उतारावर हा फरक पायाला सरळ जाणवला.

पण खडकाचं गणित पूर्ण वेगळं आहे भावांनो. ओल्या दगडावर दात नाही, रबर धरतं. मऊ रबर दगडाच्या खडबडीत भागात बसतं आणि चिकटून राहतं, कडक रबर नाहीतर प्लास्टिकसारखा सोल वरून सरकतो, मग दात कितीही असूदेत. बघायची सोपी पद्धत, सोलवर नख दाबायचं, थोडं रुतलं पाहिजे. रुतत नसेल तर तो शूज कोरड्या रस्त्यासाठी ठेवा. मऊ रबर डांबरावर लवकर झिजतं हे खरं आहे, म्हणून हे शूज घालून रोज ऑफिसला जायचं नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्या जुन्या मंडळींचा ॲक्शन ट्रेकिंग नावाच्या शूजवर अजून जीव आहे त्याचं कारण पण हेच, त्याचं रबर. आणि शेवाळावर कुठलंच रबर शंभर टक्के धरत नाही हे लक्षात ठेवा, तिथं छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून, आणि जमलं तर काठी.

आपलं गाव फुटबॉलचं, घरात स्टड असतातच, त्यामुळं दरवर्षी काही पोरं फुटबॉलचेच शूज घालून मोहिमेला येतात. चिखलात ते पळतात, कबूल. पण स्टड असूदेत नाहीतर गोल्फच्या शूजचे प्लास्टिकचे क्लीट, दोन्ही गवतात आणि मऊ मातीत रुतण्यासाठी बनवलेले आहेत. जांभ्यात रुतणार कुठं? सगळं वजन त्या चार-सहा टोकांवर येतं आणि पाय फिरतो. पठारावर घोटा मुरगळून बसलेली पोरं बघितली आहेत, तिथून खाली आणायचं म्हणजे बरोबरच्या सगळ्यांचे हाल. कृपा करून असं करू नका.

फिटिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि माझ्या मते शूजचे ऐंशी टक्के पैसे तिथंच वसूल होतात. ग्रिप कमी असली तर सांभाळून चालता येतं, पण शूज चावायला लागला की पुढचे तीस किलोमीटर काय करणार.

सगळ्यात आधी, संध्याकाळी जायचं. दिवसभर चालून-उभं राहून पाय फुगतो, आणि ट्रेकमध्ये तर त्याहून जास्त फुगतो. सकाळी परफेक्ट बसलेला शूज दुपारनंतर घट्ट होतो. ट्रेकला जे सॉक्स घालणार तेच घालून ट्राय करायचे, दुकानातल्या त्या पातळ मोज्यांवर नाही. दोन्ही पायात घालायचे, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचं.

मग सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभं राहा. ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम झालं. करंगळी नाहीतर चवडा सुकतळ्याच्या बाहेर जात असेल तर तो शूज तुमच्या पायाचा नाही, सेल्समन कितीही म्हणूदे की घालून घालून सैल होतो. आपल्याकडं लहानपणापासून चप्पल घालून चवडा पसरट झालेले खूप जण आहेत, माझा पण तसाच आहे, आणि शहरी शूज पुढं निमुळते असतात. अशा वेळी लोक काय करतात, रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतात. मग रुंदी मिळते पण टाच मागं खेळायला लागते आणि टाचेला फोड. रुंद पाय असेल तर रुंद साच्याचा शूज शोधायचा, लांब शूज नाही. मी घेतला त्याचं हेच मला सगळ्यात आवडलं, पुढं बोटं मोकळी पसरतात आणि मागं टाच गच्च बसते.

पुढं किती जागा? सगळ्यात लांब बोटाच्या पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी. कमी असेल तर उतारावर प्रत्येक पावलाला नख पुढं आपटतं आणि नख काळं पडतं, पुढं महिनाभर ते दुखणं. दुकानात सपाट फरशीवर चार पावलं चालून हे कळत नाही. मी गेलो त्या दुकानाबाहेर उतरती फरशी होती, मालक काकांनी स्वतःहून सांगितलं की बाहेर जाऊन खाली तोंड करून उभे राहा, पाय आपटून बघा. एका जोडात बोट लागलं, दुसऱ्यात नाही लागलं, विषय संपला. काकांनी घाई केली नाही, पाच-सहा जोड काढून दिले, महागडा गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही, एवढी चांगली वागणूक आजकाल मोठ्या शोरूममध्ये पण मिळत नाही. उतार नसेल तिथं जिन्याची पायरी वापरा.

नंबर सांगताना यूके का युरोपियन ते विचारून घ्या, यूकेचा ८ म्हणजे युरोपियन साधारण ४२, पण कंपनीगणिक अर्ध्या नंबरचा फरक पडतो, म्हणून ऑनलाइन मागवायचे असतील तर परत घेणाऱ्या ठिकाणाहूनच. आणि लेस. सगळ्यात वरती एक जास्तीचं भोक असतं ते बहुतेक लोक मोकळं सोडतात. ते त्याच बाजूला छोटा फास करण्यासाठी आहे, समोरची लेस त्या फासातून ओढून बांधली की टाच जागेवर लॉक होते. उताराच्या आधी थांबून असं बांधलं की पाय पुढं सरकत नाही.

वॉटरप्रूफबद्दल माझं मत ठाम आहे, आपल्या जुलैच्या पावसात ट्रेकला वॉटरप्रूफ शूजची गरज नाही. ते दव, हलका पाऊस, ओलं गवत ह्यासाठी चांगले. इथं ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं, पाणी वरून आत येणार आणि शूजच्या आतलं पाणी अडवणारं पडद्याचं कापड तेच पाणी आत धरून ठेवणार. आमच्यातला एक जण भारीतले वॉटरप्रूफ बूट घालून आलेला, प्रत्येक ओढ्यानंतर बूट काढून उलटा करत होता, मुक्कामाला त्याचे तळवे पांढरे पडून सुरकुतलेले, कातडी सोललेली. माझ्या जाळीच्या शूजमधून पाणी दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात निघून जात होतं. ओले राहतात, पण पाण्यात डुंबत नाहीत, फरक तिथं आहे. सुती मोजे मात्र नको, ते पाणी पितात आणि घासतात. सिंथेटिक नाहीतर लोकरीचे मिक्स, आणि मुक्कामासाठी एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत.

आता शिवायचं. नवीन शूज घेतला की लगेच सोलच्या कडेनं पूर्ण फिरवून शिलाई मारून घ्या, चप्पल शिवणाऱ्या मामांकडं शे-दीडशेत काम होतं. सोल नुसत्या गोंदावर चिकटवलेला असतो आणि सतत पाणी-चिखलात त्या गोंदावर भरवसा ठेवायचा नाही. शिवताना सांगायचं, दोरा खाचेत बसला पाहिजे, बाहेर राहिला तर दगडावर घासून तुटतो. (वॉटरप्रूफ बूट मात्र शिवायचे नाहीत, भोकं पडली की संपलं.) माझ्या जोडाचा उजव्या पायाचा पुढचा रबराचा तुकडा मोहिमेतच सुटायला लागला, जिथं शिलाई पोचली नव्हती नेमका तिथंच, बाकी सोल जागचा हलला नाही. हा ह्या शूजचा मोठा दोष. दुसरा दोष म्हणजे खालचा फोम पातळ आहे, डांबरी पट्टा आला की तळवे दुखायला लागतात, वजन जास्त असणाऱ्यांना जास्तच जाणवेल. लेस पण गुळगुळीत, सुटते, डबल गाठ मारावी लागते.

आल्यावर शूज उन्हात नाहीतर चुलीजवळ वाळवू नका, गोंद ढिला होतो. धुवून आत पुढारी पेपरची पानं कोंबायची, ओली झाली की बदलायची, पंख्याखाली ठेवायचं. आणि कपाटात दोन-तीन वर्षं पडून असलेले जुने ट्रेकिंग बूट आयत्या वेळी काढून निघू नका, दमट हवेत काही बुटांचा मधला फोम आतल्या आत कुजतो, वरून नवा दिसतो आणि वाटेत सोलचा भुगा होऊन गळतो.

घ्यायचे असतील तर मे संपताना घ्या. जुलै तोंडावर आला की ८ आणि ९ नंबर दुकानातून गायब असतात आणि मग मिळेल त्यात पाय घालावा लागतो. लवकर घेतले की शिवून होतात, रंकाळ्याला फेऱ्या मारून पायाला बसतात, आणि पहिला पाऊस पडल्यावर एकदा पाठीवर सॅक घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढून-उतरून बघा. कुठं चावणार असेल तर तिथंच कळतं, आणि त्या जागी पट्टी लावायची का सुकतळा बदलायचा हे ठरवायला हातात महिना असतो.